विश्व 'सपाट' आहे असं मोजणी करणाऱ्यानं कधी म्हणावं?

शंकुसाखळी (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. भूमापनात नोकरी केली, आता निवृत्त होऊन नाशकातच आहे. नात अकरावी शास्त्र शाखेत आहे. मध्यंतरी एका रविवारी सोमेश्वरला धबधब्यापाशी बसलो होतो, तेव्हा तिनं विचारलं, "आजोबा, विश्व सपाट आहे असं वाचलं. सपाट म्हणजे पोळीसारखं का? आणि ते पसरतंय तर कशात पसरतंय?" त्या क्षणी नीट उत्तर देता आलं नाही. पंधरा दिवस वाचलं, दोन जुन्या स्नेह्यांना त्रास दिला, आणि एक गोष्ट लक्षात आली. हे दोन्ही प्रश्न मुळात मोजणीचे आहेत. मला जसं उलगडलं तसं लिहितो. चुकलं तर जाणकारांनी दुरुस्त करावं.

आधी पसरण्याबद्दल. सगळीकडे फुग्याचं उदाहरण देतात: फुग्यावर ठिपके काढा, फुगा फुगवा, ठिपके लांब जातात. नातीचा प्रश्न त्या फुग्यातूनच आला होता, कारण फुग्याला आत असतं, बाहेर असतं आणि फुंकणारा असतो. मला गावाचा नकाशा जास्त जवळचा वाटतो. समजा एका गावाचा गटनकाशा आहे. गट नंबर १२ आणि गट नंबर १३ यांच्यात कागदावर १ सेंटिमीटर अंतर आहे, १२ आणि ४० यांच्यात ३ सेंटिमीटर. नकाशाच्या कोपऱ्यात प्रमाण लिहिलंय: १ सेंटिमीटर म्हणजे १०० मीटर. आता कागद तोच, गट जागच्या जागी, फक्त कोपऱ्यातलं प्रमाण काळाबरोबर बदलतंय. आज १०० मीटर, उद्या ११० मीटर. १३ नंबर १२ पासून १० मीटर लांब गेला, ४० नंबर ३० मीटर. जो तिप्पट दूर तो तिप्पट वेगानं दूर. तुम्ही ४० नंबरच्या बांधावर उभे राहून मोजलं तरी हेच दिसेल, म्हणजे १२ नंबर काही गावाचा मध्य नव्हे. कागद कुठेही सरकला नाही, त्याच्याबाहेर जागा लागली नाही. बदलला तो कोपऱ्यातला आकडा.

विश्वाच्या गणितात याच आकड्याला प्रमाणगुणक म्हणतात. अलेक्झांडर फ्रीडमन या रशियन गणितज्ञानं १९२२ मध्ये आइनस्टाइनच्या समीकरणांतून दाखवलं की हा आकडा स्थिर राहायलाच हवा असं काही नाही. बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र १९२७ मध्ये स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले आणि त्यांनी दीर्घिकांच्या वेगाशी त्याचा संबंध जोडला. १९२९ मध्ये अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलनं अंतर आणि वेग यांचा आलेख मांडला.

आता आकाराबद्दल. आम्ही शिकलो तेव्हा गुरुजींचं पहिलं वाक्य होतं, "त्रिकोणाचे तीन कोन मोजा, बेरीज करा, १८० येत नसेल तर परत मोजा." लहान शेतात ते बरोबरच आहे. पण त्रिकोण खूप मोठा झाला की बेरीज १८० पेक्षा जास्तच यायला हवी, कारण पृथ्वी गोल आहे. दर सुमारे २०० चौरस किलोमीटर क्षेत्राला १ सेकंद जादा येतो, सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. पांडवलेणी, ब्रह्मगिरी आणि सप्तशृंगगड असा त्रिकोण कल्पा. क्षेत्र ढोबळ ६०० चौरस किलोमीटर. कोनांची बेरीज १८० अंश आणि ३ सेकंद. म्हणजे चांगलं यंत्र असेल तर आकाशात न जाता, नाशिक जिल्ह्याच्या बाहेरही न पडता पृथ्वी गोल आहे हे केवळ कोन मोजून कळतं!

विश्वाचा 'आकार' याच अर्थानं आहे. त्रिमितीत एक अतिप्रचंड त्रिकोण घ्या. बेरीज १८० तर विश्व सपाट. जास्त तर वक्रता धन, चेंडूच्या पृष्ठभागासारखी. कमी तर वक्रता ऋण. ऋण वक्रतेला खोगिराचं उदाहरण देतात. मला खिंड दिसते. खिंडीत उभं राहिलं की दोन बाजूंना डोंगर चढतात आणि दोन बाजूंना वाट उतरते, तसं.

म्हणून नातीला सांगितलं: सपाट म्हणजे पोळी नव्हे. सपाट म्हणजे शाळेतली भूमिती खरी ठरते, एवढंच. पण मग विश्वाएवढा त्रिकोण मोजला कुणी आणि कसा, यावर पुढच्या प्रतिसादात लिहितो. हात दुखला.

---

सिडकोकर
वाचतोय काका. पुढचा भाग लवकर टाका.

---

कॉलेजरोड
धाग्याबद्दल मनापासून धन्यवाद. मी भौतिकशास्त्र शिकवते. नकाशाचं उदाहरण उद्याच वर्गात वापरणार आहे. दोन गोष्टी जोडते.

पहिली: कागदावर सगळे गट 'सारखेच' का मानायचे? इथे मॉडेल करणाऱ्यांनी एक मोठं गृहीतक धरलंय. पुरेशा मोठ्या पट्ट्यात पाहिलं तर विश्व सगळीकडे सारखं आणि सगळ्या दिशांना सारखं. आपल्या आसपास ते अजिबात सारखं नाही: इथे सूर्य, तिथे पोकळी. पण काही दशकोटी प्रकाशवर्षांचे ठोकळे करून प्रत्येकाची सरासरी काढली तर ठोकळे सारखे दिसतात. हे गृहीतक धरलं की भूमितीला तीनच पर्याय उरतात, काकांनी सांगितलेले: धन, शून्य, ऋण. हॉवर्ड रॉबर्टसन आणि आर्थर वॉकर यांनी १९३० च्या दशकात हे गणितानं पक्कं केलं. म्हणून या मॉडेलला चौघांचं नाव आहे: फ्रीडमन, लमेत्र, रॉबर्टसन, वॉकर.

दुसरी: कोपऱ्यातला आकडा कसा बदलेल हे ठरवतं कोण? आत काय भरलंय ते. प्रमाण दुप्पट झालं की घनफळ आठपट होतं, म्हणून द्रव्याची घनता आठव्या भागावर येते. प्रकाशाची घनता सोळाव्या भागावर येते, कारण फोटॉन पांगतात आणि वर प्रत्येकाची तरंगलांबी ताणली जाऊन ऊर्जा निम्मी होते. आणि डार्क एनर्जी, म्हणजे कृष्ण ऊर्जा, सर्वांत साध्या मॉडेलमध्ये पातळ होतच नाही. त्यामुळे सुरुवातीला प्रकाशाचं राज्य, मग द्रव्याचं, आणि गेली काही अब्ज वर्षं कृष्ण ऊर्जेचं. प्रसरणाचा वेग आधी मंदावत होता, सुमारे ६०० कोटी वर्षांपूर्वीपासून वाढू लागला. १९९८ मध्ये दोन गटांनी दूरच्या सुपरनोव्हांवरून, म्हणजे ताऱ्यांच्या स्फोटांवरून, हे दाखवलं आणि २०११ चं नोबेल त्यासाठीच मिळालं.

एक दुरुस्तीही. नकाशात प्रमाण बदललं की गट नंबर १२ स्वतःही मोठा होतो. विश्वात तसं होत नाही. गुरुत्वानं किंवा विद्युत बलानं बांधलेली वस्तू ताणली जात नाही.

---

द्राक्षमांडव
दिंडोरीहून लिहितोय. छाटणीचे दिवस आहेत, त्यामुळे तुटक लिहीन. छोटी दुर्बीण आहे, रात्री मळ्यात लावतो. मॅडम, "बांधलेली वस्तू ताणली जात नाही" हे जरा उलगडून सांगाल का? जागाच ताणली जात असेल तर माझा मांडव आणि विहीर यांच्यातली जागा का नाही?

---

कॉलेजरोड
@द्राक्षमांडव दादा, आकड्यानं बघू. प्रसरणाचा सध्याचा दर म्हणजे १०० कोटी वर्षांत अंतर सुमारे ७ टक्के वाढतं. नाशिक–पुणे २१० किलोमीटर धरा. समजा हा रस्ताही विश्वाच्या बरोबर ताणला गेला असता, तर वर्षाला साधारण १५ मायक्रॉननं, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पण तेवढंही होत नाही. 'जागा ताणली जाते' हे वाक्य आपण सोयीसाठी वापरतो, आणि त्यातून असं वाटतं की जागा म्हणजे रबर आहे आणि ते सगळ्यांना ओढतंय. तसं ओढणारं काही नाही. दूरच्या दीर्घिका आधीपासूनच एकमेकींपासून लांब चालल्या आहेत, त्या गतीचा हिशेब म्हणजे प्रसरण. तुमचा मांडव आणि विहीर कधीच एकमेकांपासून लांब चालले नव्हते, जमिनीनं त्यांना धरून ठेवलंय. देवयानी दीर्घिका तर उलट आपल्याच दिशेनं येतेय, कारण ती आणि आपली आकाशगंगा एकमेकींच्या गुरुत्वात आहेत.

---

द्राक्षमांडव
आता कळलं. देवयानी परवाच पाहिली, धुरकट पुंजका. ती येतेय हे माहीत नव्हतं.

---

शंकुसाखळी (धागाकर्ता)
मॅडम, दुरुस्ती मान्य, आणि नातीच्या वहीत तुमचा पंधरा मायक्रॉनचा हिशेब उतरवलाय.

आता त्रिकोण. कोणत्याही मोठ्या मोजणीला आधी एक पायारेषा लागते, जिची लांबी हातानं, साखळीनं, पुन्हा पुन्हा मोजलेली असते. एकदा ती पक्की झाली की पुढे फक्त कोन मोजत जायचं. १८०२ मध्ये मद्रासजवळ लॅम्बटन यांनी अशीच पायारेषा घालून भारताची महात्रिकोणमिती मोजणी सुरू केली.

विश्वातली पायारेषा निसर्गानं घालून ठेवलीय. सुरुवातीची सुमारे ३ लाख ८० हजार वर्षं विश्व इतकं तप्त होतं की प्रकाश आणि द्रव्य एकमेकांत अडकलेले होते, आणि त्या मिश्रणातून ध्वनीच्या लाटा धावत होत्या. मग ते निवलं, अणू बनले, प्रकाश मोकळा झाला आणि लाटा जिथल्या तिथे थिजल्या. तोपर्यंत लाट जितकी पळाली तेवढं अंतर म्हणजे पायारेषा. आजच्या प्रमाणात ती सुमारे ४७ कोटी प्रकाशवर्षं भरते. तो मोकळा झालेला प्रकाश आजही सगळ्या दिशांनी येतो, त्यालाच पार्श्वभूमी प्रारण म्हणतात. १९६५ मध्ये त्याचा शोध जाहीर झाला. आता त्याचं तापमान २.७ केल्विन आहे. हा प्रकाश जिथून निघाला त्या थिजलेल्या भिंतीचं आपल्यापासून आजचं अंतर सुमारे ४,५०० कोटी प्रकाशवर्षं.

पायारेषा ४७, बाजू ४,५००. सपाट भूमितीत कोन किती? नातीनं भागाकार केला: ०.०१०४ रेडियन, म्हणजे ०.६ अंश. पौर्णिमेचा चंद्र अर्धा अंश दिसतो, त्याहून जरासा मोठा. प्लँक उपग्रहानं मोजलेला कोनही ०.६ अंशच आहे, आणि तो दहा हजारात तीन भाग इतक्या बारकाईनं मोजलाय! वक्रता धन असती तर त्या प्रकाशात उमटलेले लाटांचे तेच डाग मोठे दिसले असते, ऋण असती तर लहान. प्लँकच्या आधी, अंटार्क्टिकावर उडवलेल्या बलूनमधल्या बूमरँग प्रयोगानं २००० मध्ये हाच निष्कर्ष काढला होता, थोड्या जाड हातानं.

तिनं भागाकार करून उत्तर दाखवलं तेव्हा मी काही क्षण बोललोच नाही. ज्या गणितानं मी आयुष्यभर भावकीच्या वाटण्या करून दिल्या, त्याच गणितानं हे निघतंय.

---

ओझरकर
काका, लिखाण सुरेख. पण एक शंका आहे, आणि ती मी गंभीरपणे मांडतोय. तुम्ही ४,५०० कोटी प्रकाशवर्षं ही बाजू कुठून आणली? ती कुणी साखळीनं मोजलेली नाही. ती मॉडेलमधूनच काढलेली आहे, विश्व सपाट आहे आणि त्यात अमुक इतकी कृष्ण ऊर्जा आहे असं धरून. मग सपाट धरून काढलेल्या बाजूवरून विश्व सपाट आहे हे सिद्ध कसं झालं? मी कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. ज्या गेजनं माल बनवला त्याच गेजनं तो तपासला तर आम्ही ती तपासणी धरत नाही.

---

कॉलेजरोड
ओझरकर, अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंत. फक्त त्या एका कोनावरून वक्रता ठरत नाही. थोडी धन वक्रता आणि थोडा वेगळा प्रसरणाचा दर घेतला तरी तोच कोन जुळवता येतो. २०१८ च्या प्लँकच्या निकालात एकट्या पार्श्वभूमी प्रारणाच्या आकड्यांचा कल तर किंचित धन वक्रतेकडेच होता.

म्हणून दुसरं गेज लागतं, आणि ते आहे. त्या थिजलेल्या लाटांच्या जागी द्रव्य किंचित जास्त साचलं होतं. पुढे दीर्घिका तयार झाल्या त्याही अशा की दोन दीर्घिकांमध्ये सुमारे ४८–४९ कोटी प्रकाशवर्षं अंतर असण्याची शक्यता थोडी जास्त. २००५ मध्ये हजारो दीर्घिकांच्या नकाशांत हा उंचवटा सापडला. म्हणजे तीच पायारेषा, पण आता मधल्या वेगवेगळ्या अंतरांवर रोवलेली. काकांच्या भाषेत, एकाच त्रिकोणावर न थांबता त्रिकोणांची साखळी. दोन्ही एकत्र केल्यावर वक्रतेचा वाटा ०.०००७ आणि त्रुटी अधिक-उणे ०.००१९ असा येतो. शून्य त्या त्रुटीच्या आतच आहे.

---

ओझरकर
समाधान झालं. दुसरं गेज स्वतंत्र असेल तर तपासणी मान्य.

---

अकरावी_ब
मी या धाग्यातली नात. आजोबांनी माझं खातं उघडून दिलं. मला विचारायचंय की सपाट असेल तर विश्व अनंत असलंच पाहिजे ना? कडा तर असू शकत नाही.

---

शंकुसाखळी (धागाकर्ता)
बाळा, याचं उत्तर घरीच दाखवतो, पण इथंही लिहितो. माझ्या कपाटातल्या नकाशांच्या सुरळ्या आठव. नकाशाची सुरळी केली तर त्यावर काढलेल्या त्रिकोणाचे कोन बदलतात का? नाही, १८० च राहतात. म्हणजे सुरळीचा कागद आतल्या मुंगीला सपाटच वाटतो, पण एका दिशेला सरळ चालत गेली की ती जिथून निघाली तिथेच येते. संत्र्याची साल मात्र कितीही दाबली तरी न फाटता सपाट होत नाही. वाकवणं वेगळं आणि वक्रता वेगळी.

---

कॉलेजरोड
अगदी बरोबर. जुन्या फोनवरचा सापाचा खेळ तुझ्या बाबांनी खेळला असेल: साप उजवीकडून बाहेर गेला की डावीकडून आत येतो, वर गेला की खालून. तो पडदा सपाट आहे, कडा नाही आणि तरी क्षेत्रफळ मर्यादित आहे. विश्व तिन्ही दिशांना असं असू शकतं. तसं असेल आणि पुरेसं लहान असेल तर पार्श्वभूमी प्रारणात दोन वेगळ्या दिशांना जुळणारी वर्तुळं दिसायला हवीत. ती शोधली, सापडली नाहीत. म्हणजे विश्व असं दुमडलेलं असेलच तर ते आपल्याला दिसणाऱ्या भागाहून मोठं आहे. आइनस्टाइनची समीकरणं वक्रता सांगतात, दुमड सांगत नाहीत. ती वेगळी मोजावी लागते.

---

खगोलवेडा
या धाग्यावर डॉ. जयंत नारळीकरांचं नाव अजून आलं नाही, म्हणून लिहितो. २० मे २०२५ ला ते गेले तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. मराठीत विश्वरचना वाचायची सवय आमच्या पिढीला त्यांनी लावली.

त्यांचं मॉडेल वेगळं होतं. केंब्रिजमध्ये ते फ्रेड हॉइल यांचे विद्यार्थी. हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ मध्ये स्थिर-स्थिती सिद्धांत मांडला होता: विश्व पसरतं पण पातळ होत नाही, कारण नवं द्रव्य संथपणे निर्माण होत राहतं, त्यामुळे आरंभ नाही. आज हे ऐकून काहींना विचित्र वाटतं, पण त्यामागे भक्कम कारण होतं. हबलनं काढलेला प्रसरणाचा दर आजच्या सुमारे सातपट होता. त्यावरून विश्वाचं वय २०० कोटी वर्षंच निघायचं, आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने! मग आरंभ असलेलं मॉडेल कुणी का मान्य करावं?

पुढे १९९३ मध्ये हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी त्यात बदल करून अर्ध-स्थिर स्थितीचं मॉडेल मांडलं. ते बहुसंख्यांना पटलं नाही. पण पुरावा मागणं, बहुमतानं दबून न जाणं हे मी त्यांच्याकडून शिकलो.

---

शंकुसाखळी (धागाकर्ता)
खगोलवेडा, वयाचा तो घोळ मी वाचला तेव्हा मला आमची साखळी आठवली. ३३ फुटी साखळी, तिचे १६ आणे. वर्षानुवर्षं ओढून कड्या रुंदावतात, साखळी लांबते, आणि मोजणाऱ्याला पत्ता नसतो. शेत मोठं असतं, कागदावर लहान लागतं. म्हणून ठराविक काळानं ती प्रमाणित लांबीशी ताडून बघायची असते.

हबलचं नेमकं हेच झालं होतं. अंतर मोजण्यासाठी जे रूपविकारी तारे वापरायचे, ज्यांच्या चमकेचा आणि स्पंदनकाळाचा संबंध हेन्रिएटा लेव्हिट यांनी शोधला, ते दोन जातींचे निघाले. वॉल्टर बाडे यांनी १९५२ मध्ये हे जाहीर केलं आणि दीर्घिकांची अंतरं एका फटक्यात दुप्पट झाली. साखळी ३३ फुटांची समजत होते, ती ६६ ची होती. पुढे आणखी दुरुस्त्या झाल्या. आज वय १,३८० कोटी वर्षं निघतं, खडक आणि तारे त्यात नीट बसतात.

---

नारायणगाव_रोड
प्रत्येक वेळी नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगावच्या पुढे-मागे सगळे फक्त मिसळीसाठी थांबतात. जवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. या विषयाशी तिचा थेट संबंध आहे. हायड्रोजन अणू २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर सोडतो, ही लांबी ठरलेली. २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालं की जीएमआरटीनं एका दूरच्या दीर्घिकेतून आलेली हीच लहर पकडली, पण ती ४८ सेंटिमीटर होऊन आली होती. वाटेत असताना विश्वाचं प्रमाण २.२९ पट झालं, म्हणून लहर २.२९ पट ताणली गेली. काकांच्या नकाशातला कोपऱ्यातला आकडा असा वाचतात! तो प्रकाश निघाला तेव्हा आपली पृथ्वी जन्मायलाही ४०० कोटी वर्षं अवकाश होता.

आणि खगोलवेडा, ही दुर्बीण उभी करणारे गोविंद स्वरूप आणि त्यांचे विद्यार्थी विजय कपाही यांनी १९७५ मध्ये उटीच्या दुर्बिणीतून रेडिओस्रोतांचे कोनीय आकार मोजले आणि विश्व पूर्वी आजच्यासारखं नव्हतं, ते बदलत आलंय असा निष्कर्ष काढला. तो निष्कर्ष स्थिर-स्थितीच्या विरोधात जाणारा होता. पुढे एकाच पुणे विद्यापीठाच्या आवारात नारळीकरांची आयुका ही खगोलसंशोधन संस्था आणि स्वरूप यांचं केंद्र शेजारी शेजारी उभे राहिले. मतभेद असूनही शेजार राहिला, याचं मला फार अप्रूप आहे.

---

द्राक्षमांडव
मिसळीसाठी थांबणाऱ्यांत मीही होतो. पुढच्या खेपेला खोडदचं बघतो.

एक विचारायचंय. विश्व सपाट असायला आत किती माल लागतो?

---

कॉलेजरोड
फारच कमी, दादा. सरासरी एका घनमीटरला सुमारे ५ हायड्रोजन अणूंइतकं वस्तुमान. गंगापूर धरण भरलं की साधारण १६ कोटी घनमीटर पाणी असतं. तेवढ्या जागेत विश्वाची सरासरी भरली तर सगळं मिळून ८० कोटी अणू, म्हणजे एका जिवाणूच्या वजनाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. आणि त्यातलंही आपल्या ओळखीचं द्रव्य फक्त ५ टक्के. २७ टक्के कृष्णद्रव्य, ६८ टक्के कृष्ण ऊर्जा.

एक जुना समज इथेच दूर करते. पूर्वीच्या पुस्तकांत 'धन वक्रता म्हणजे विश्व शेवटी आकुंचन पावणार, ऋण म्हणजे पसरतच राहणार' असं असायचं. ते फक्त द्रव्य असलेल्या विश्वाला लागू आहे. कृष्ण ऊर्जा आली की आकार आणि भवितव्य यांची फारकत होते. धन वक्रतेचं विश्वही कायम पसरत राहू शकतं.

---

ओझरकर
मग आज सगळं जुळलंय का? की साखळीचा प्रश्न अजून आहे?

---

कॉलेजरोड
आहे, आणि मोठा आहे. पार्श्वभूमी प्रारणावरून मॉडेल लावून प्रसरणाचा आजचा दर काढला तर ६७.४ येतो (किलोमीटर प्रतिसेकंद, दर मेगापार्सेकला, म्हणजे दर सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षांना), त्रुटी ०.५. जवळचे रूपविकारी तारे आणि सुपरनोव्हा यांच्यावरून थेट मोजला तर ७३ च्या आसपास, त्रुटी १. दोघांनी कसून तपासलंय, जेम्स वेब दुर्बिणीनं ताऱ्यांची मोजमापं पुन्हा ताडून पाहिलीत, तरी फरक उरतोच. आणि २०२४ व २०२५ मध्ये ॲरिझोनातल्या डेसी प्रकल्पानं दीर्घिकांच्या त्याच पायारेषेवरून असं सुचवलंय की कृष्ण ऊर्जा कदाचित काळाबरोबर बदलते. अजून ते पक्कं नाही. पण पक्कं झालं तर आपण वर लिहिलेलं 'पातळ होतच नाही' हे वाक्य मला खोडावं लागेल, आणि मी आनंदानं खोडेन.

---

पाटणवाट
मी मूळची चाळीसगावची, आता पंचवटीत राहते. भास्कराचार्यांचा उल्लेख व्हायलाच हवा म्हणून लॉग इन केलं. चाळीसगावजवळच्या पाटणला, पाटणादेवीच्या रानात, भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता. तसा शिलालेख तिथे मिळाला.

१११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ३६ व्या वर्षी सिद्धांतशिरोमणी लिहिला. त्यातल्या गोलाध्यायात ते हाच प्रश्न घेतात: पृथ्वी गोल आहे तर सपाट का दिसते? त्यांचं उत्तर असं की परिधीचा शंभरावा भाग सपाटच भासतो. पृथ्वी अतिशय मोठी, तिच्या पाठीवरचा माणूस अतिशय लहान, म्हणून त्याला ती सगळीच सपाट वाटते.

इथला वक्रतेचा आकडा वाचून मला तेच आठवलं. ०.०००७, त्रुटी ०.००१९. म्हणजे 'सपाट' असं आपण म्हणतोय ते आपल्याला दिसणाऱ्या तुकड्याबद्दल, आपल्या मोजणीच्या बारकाईपुरतं. विश्व चेंडूसारखं असेल आणि आपल्याला त्याच्या परिधीचा लहानसा भाग दिसत असेल, तर ते आपल्याला सपाटच दिसणार. बरोबर ना मॅडम?

---

कॉलेजरोड
शंभर टक्के बरोबर. आकडेही सांगते. त्या त्रुटीच्या आत वक्रता असलीच, तर तिची त्रिज्या किमान २५,००० कोटी प्रकाशवर्षांच्या पुढे असायला हवी. आपल्याला दिसतं ते सगळ्या दिशांना सुमारे ४,६०० कोटी प्रकाशवर्षांपर्यंत. मोजणी कितीही सुधारली तरी 'विश्व अगदी शून्य वक्र आहे' असं कधीच सिद्ध होणार नाही. 'वक्र असेल तर एवढ्यापेक्षा कमी' इतकंच म्हणता येईल. मी पंधरा वर्षं शिकवतेय आणि वर्गात भास्कराचार्यांचा हा विचार कधी सांगितला नव्हता.

---

शंकुसाखळी (धागाकर्ता)
पाटणवाट ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्या मोजणीच्या कागदावर शेवटी एक ओळ असायची, मोजणी कशानं केली आणि किती फरक ग्राह्य धरला. त्या ओळीशिवाय नकाशावर सही करायची नाही, हे मला माझ्या वरिष्ठांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. आता नातीला तिच्या वहीत 'विश्व सपाट आहे' याच्याखाली तो ०.००१९ लिहायला सांगितलाय.

दिवाळीच्या सुट्टीत तिला घेऊन पाटणला यायचा विचार आहे. मनमाडमार्गे चाळीसगावपर्यंत रेल्वेनं, पुढे कसं जायचं ते सांगाल का?

---

अकरावी_ब
आणि माझा अजून एक प्रश्न आहे. पांडवलेणी, ब्रह्मगिरी, सप्तशृंगगड या त्रिकोणाचे तीन सेकंद आम्हाला खरंच मोजता येतील का? आजोबा म्हणतात यंत्र भाड्यानं मिळतं. पण पांडवलेणीवरून गड दिसतो का ते आधी बघावं लागेल.

---

द्राक्षमांडव
पाऊस उघडल्यावर हवा स्वच्छ असते तेव्हा एखाद्या सकाळी बघून या. नाही दिसला तर दिंडोरी तालुक्यातली एखादी टेकडी मध्ये घ्या आणि दोन त्रिकोण करा. आमच्याकडच्या टेकड्या मला माहीत आहेत, मी बरोबर येतो.

---

पाटणवाट
चाळीसगाव स्टेशनवरून पाटणादेवीला गाडी करावी लागेल. माझा भाऊ तिथेच असतो. व्यक्तिगत निरोपात नंबर कळवते, काका.